कूलरची बैठक

खाणावळीतला रिमोट हरवला नसता तर माझी सोयरीक चारचौघांसारखी सरळ पार पडली असती, असं मला अजूनही वाटतं.

लातूरला मी एका दाळमिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. आमचं गाव लोह्याकडचं. घरची शेती वडील बघतात, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. मी मिलच्या मागच्या गल्लीत खोली करून राहतो आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या खाणावळीत जेवतो. तिथला टीव्ही भिंतीवर इतका उंच ठोकलाय की स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही, आणि त्याची बटणं केव्हाच गेलेली. रिमोट हरवला तो हरवलाच. खाणावळवाल्यानं कणकेच्या डब्यात हात घालूनसुद्धा बघितलं. तेव्हापासून टीव्ही एकाच चॅनलवर अडकला, आणि त्या चॅनलवर नेमका आमच्या जेवणाच्या वेळेला एक चमत्कारिक हिंदी कार्यक्रम लागायचा.

छोटे छोटे प्रसंग असायचे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एकात एक माणूस न्हाव्याकडे जातो. न्हावी गळ्याभोवती कापड बांधतो आणि दाढी झाल्यावर गाठ काही सुटत नाही. कात्री लावायची तर न्हावी म्हणतो, कापड माझ्या वडिलांचं आहे. मग तो माणूस तसाच कामाला जातो, तसाच साहेब होतो, तसाच म्हातारा होतो, आणि हे अंगावर काय आहे असं कुणीही विचारत नाही. दुसऱ्यात पाहुणे येतात आणि यजमान 'बसा' म्हणायला विसरतो. पाहुणे उभेच. उभ्यानंच चहा पितात, उभ्यानंच त्यांची पोरं मोठी होतात, त्यांची लग्नं ठरतात. तिसऱ्यात तिरडीवरचा माणूस उठून बसतो, कारण लोक त्याची खोटी स्तुती करत असतात आणि त्याला ती ऐकवत नाही. लोक त्याला समजूत घालून परत आडवं करतात. म्हणतात, आता माणसं लांबून आलीत, बरं दिसत नाही.

खाणावळीतली मंडळी वैतागली. मिलचे हमाल, एसटीचे दोन कंडक्टर आणि एका क्लासमध्ये शिकवणारे सर असे आम्ही नेहमीचे जेवणारे. हमाल म्हणायचे, ह्याला काई अर्थ हाय का. सर म्हणायचे, ह्यातून बोध काय घ्यायचा. मी मात्र भाकरीचा घास हातात धरून वर बघत राहायचो आणि मान दुखायला लागली तरी खाली बघायचो नाही.

मला तो कार्यक्रम का आवडला, हे कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आपल्याकडे विनोद म्हटला की एका मिशीवाल्याला साडी नेसवायची, त्याला पाडायचं, आणि मागून हशा सोडायचा. म्हणजे हसायचं कधी हे तेच ठरवणार. ह्या कार्यक्रमात हशाच नव्हता. प्रसंग कुठे संपला हेसुद्धा सांगायचे नाहीत, मध्येच तोडून पुढच्यावर जायचे. कधी कधी तर अंगावर यायचं, की हे टीव्हीवर दाखवलं कसं. आणि त्यातला एकही माणूस हसत नव्हता. सगळे गंभीर, सगळे आपापल्या कामात, आणि समोर चाललेला वेडेपणा म्हणजे जगाची रीत आहे असं धरून चाललेले.

ते बघून माझ्या छातीवरचा दगड थोडा हलायचा. कारण माझं आयुष्य तसंच चाललेलं होतं आणि त्यावर हसायची परवानगी मला कुणी दिलेली नव्हती. आमच्या मिलमध्ये हजेरीला अंगठ्याचं मशीन आहे. तुरीच्या धुळीनं माझ्या अंगठ्याच्या रेघा बुजल्यात की काय कोण जाणे, मशीन मला ओळखत नाही. त्यामुळे मी रोज गैरहजर असतो आणि रोज साहेबांसमोर उभं राहून सांगतो की मी आलोय. साहेब माझ्या तोंडाकडे बघत विचारतात, नक्की आलास का. मी नक्की म्हणतो. मग ते मला हजर करतात. हे वर्षानुवर्षं चाललंय आणि आम्हा दोघांपैकी एकालाही ह्यात काही वावगं वाटत नाही, निदान तसं आम्ही दाखवत नाही. त्या कार्यक्रमानं मला पहिल्यांदा सांगितलं की बाबा रे, तुझं डोकं ठिकाणावर आहे, हे असंच आहे.

लग्नाचंही तेच. आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय हे आता सगळ्यांना माहीत आहे. मुलीकडचे विचारायचे, शेती किती. आप्पा सांगायचे. मग विचारायचे, पोरगा शेतात जात न्हाई ना. आप्पा म्हणायचे, न्हाई न्हाई, तो लातूरला असतो. म्हणजे शेती पाहिजे, शेतकरी नको. मग विचारायचे, लातूरला स्वतःचं घर हाय का. तिथं बोलणं संपायचं. परतीच्या वाटेवर मला आप्पांची कीव यायची आणि रागही यायचा. माझी पस्तिशी जवळ येत चालली होती.

शेवटी मामानं देवणीकडचं एक स्थळ आणलं. मामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ, तोच मध्यस्थ. पाहणी झाली. मुलगी शिकलेली, कमी बोलणारी. मामानं तिची उंची विचारली, आप्पांनी रक्तगट विचारला, मी शिक्षण विचारलं, जे मला आधीच माहीत होतं. तिनं खाली बघून उत्तरं दिली. आठ दिवसांत सुपारी फुटली. आप्पांनी कितीतरी वर्षांनी मला 'जेवून घे रे बाळा' म्हटलं.

सुपारी फुटली की आजकाल मुलामुलीनं फोनवर बोलायला हरकत नसते. पण फोन तिच्या घरात एकच चांगला, तो सगळ्यांचा, आणि ती बोलायची तेव्हा शेजारी कुणीतरी बसलेलं असायचंच. त्यामुळे आमचं बोलणं असं व्हायचं.

"जेवलात का?"

"हाव. तुम्ही?"

"हाव. काय केलं होतं?"

"वरण. तुम्ही?"

"आमच्यात बी वरणच."

दर दोन दिवसांनी हेच. महिनाभरात मला तिच्या घरचा स्वयंपाक पाठ झाला आणि ती कोण आहे हे काडीचंही कळलं नाही. मला भीती वाटायला लागली. उद्या आम्ही दोघं त्याच खोलीत राहणार, आणि जन्मभर वरणाबद्दल बोलणार. मला फक्त एक गोष्ट पाहिजे होती. जे बघून मला हसू येतं, ते बघून तिलाही येतं का, एवढं कळावं. बाकी ती कशीही असली तरी माझं निभलं असतं.

त्याच सुमारास त्या कार्यक्रमात कूलरचा प्रसंग लागला.

मांडव घातलेला असतो. मुहूर्त टळत चाललाय आणि नवरदेवाचा पत्ता नाही. मुलीचे काका घड्याळ बघतात, भटजी घड्याळ बघतात. कोपऱ्यात आंदणाचा कूलर उभा असतो. भटजी म्हणतात, वेळ जातेय, ह्यालाच बाशिंग बांधा. बांधतात. एक जाणता माणूस पुढे होऊन कूलरला विचारतो, मुलगी पसंत आहे ना. कुणीतरी बटण दाबतं, कूलर घरघरतो, सगळे म्हणतात, पसंत आहे. अक्षता पडतात. पुढे संसार. ती बाई रोज सकाळी कूलरमध्ये पाणी ओतते. शेजारीण विचारते, कसे आहेत हो हे. ती म्हणते, आवाज करतात थोडा, पण मारत नाहीत. शेवटी पाळण्यात एक छोटा टेबलफॅन झोपलेला दाखवतात.

मी त्या दिवशी खाणावळीत इतका हसलो की ठसका लागला. सरांनी माझ्या पाठीत गुद्दे घातले. खोलीवर जाऊन तो तुकडा मोबाइलवर शोधला आणि तिला पाठवला. खाली लिहिलं, बघून सांगा कसं वाटलं. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. आवाज पडलेला. "देवणीवाल्यांनी बसून बोलू म्हणलंय. तू सरळ तिकडंच ये. मी आन् तुझे आप्पा येतो." कशाबद्दल हे त्यालाही माहीत नव्हतं. एसटीत बसून मी माझ्या आयुष्यातल्या सगळ्या वाईट गोष्टी आठवून बघितल्या आणि लग्न मोडण्याजोगी एकही सापडली नाही, ह्याचंही थोडं वाईट वाटलं.

त्यांच्या ओसरीत सतरंजी अंथरलेली होती. तिचे वडील आणि भावकीतली पाच-सहा जाणती माणसं ओळीनं बसलेली. त्यांचा भाग कर्नाटकाला लागून, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी शब्द येतात, ते आले की आप्पा माझ्याकडे बघायचे आणि मी मामाकडे. पाणी झालं, चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. मग तिच्या चुलतभावानं उठून मोबाइल भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला. पडद्यावर मांडव आला.

सगळ्यांनी पूर्ण बघितलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. शेजारीण विचारते आणि ती बाई म्हणते 'मारत नाहीत', तिथं मला आतून उसळी आली. मी गाल चावून धरला. आतल्या दारामागे बायका उभ्या होत्या, त्यांच्यात ती असणार होती. मी कान लावून ऐकलं, तिकडून हसण्याचा आवाज येतो का. काही आला नाही.

तिचे वडील म्हणाले, "मागं घे रं. तिथं, तिथं थांबव." चुलतभावानं कूलरवर चित्र थांबवलं. "कंपनी कोणती हाय बघा."

एका आजोबांनी चष्मा लावला, टीव्हीजवळ जाऊन बघितलं. "नाव न्हाई दिसायलं. पण मोठा हाय. खालून चाकं हायेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे आता तोंडानं कुणी काही मागत नाही. कायदा आहे, लाज आहे. सगळे म्हणतात, आम्हाला काही नको, नारळ आणि मुलगी द्या. मग चहा पिता पिता म्हणतात, बाकी आमच्या गावाला उन्हाळा लई असतो बगा. मुलीचा बाप ते ऐकून घेतो आणि समजून घेतो. अशा आडून बोलण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना होणाऱ्या जावयानं मांडवातल्या कूलरचा व्हिडिओ पाठवला होता. आणि वर विचारलं होतं, कसं वाटलं.

"तसं काही नाही," मी म्हणालो. "गमतीचा होता तो. मी गंमत म्हणून पाठवला."

आजोबा प्रेमानं म्हणाले, "बरं. गंमत कुठं हाय ते दाखवा."

मग मी ओसरीत, दोन घरांच्या जाणत्या माणसांसमोर, टीव्हीजवळ उभा राहिलो. चुलतभाऊ व्हिडिओ पुढे-मागे करत होता आणि मी बोट दाखवत होतो. इथं आहे गंमत.

"काय हाय तिथं?"

"नवरदेव म्हणून कूलर उभा केलाय."

"ते दिसलं की आमाला. गंमत कुठं हाय?"

मी पुन्हा समजावलं. जो विनोद मला समजावून सांगावा लागत नाही म्हणून प्रिय होता, तो मी शाळेतल्या गणितासारखा पायरी पायरीनं सोडवत होतो, आणि प्रत्येक पायरीला तो जास्तच कूलर मागितल्यासारखा दिसत होता. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. पण ते सगळे माझ्याकडे मायेनं बघत होते.

"लेकरू लाजायलंय," आजोबा म्हणाले.

तिचे वडील आप्पांना म्हणाले, "पाव्हणे, आमच्या मनात होतंच. पोरानं असं व्हिडिओ पाठवून सांगायची गरज नव्हती. कूलर देऊ."

"मला कूलर नको," मी म्हणालो.

तिच्या वडिलांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "एसी पाह्यजे का?"

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी बोलावं, एवढंच मनात होतं. आप्पा सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत बसले होते. मामानं माझ्या शर्टाची बाही ओढली आणि मला खाली बसवलं. मग कूलरच ठरला. उठताना त्यांनी आम्हाला टॉवेल-टोपी केली. डोक्यावर पांढरी टोपी, हातात टॉवेल, असा मी त्या अंगणातून बाहेर पडलो आणि आयुष्यात एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

वाटेत आप्पांना विचारलं, गप्प का बसलात. ते म्हणाले, "आपण मागितला का? ते देतेत. देणाऱ्याचा हात धरू नये." मी खिडकीतून बघत बसलो.

चार दिवसांनी दुपारी मिलमध्ये असताना तिचा फोन आला. आवाजामागे वारं होतं. ती घरचा फोन घेऊन शेतात आली होती, एकटी, पहिल्यांदाच. जेवलात का म्हणाली नाही.

"तुम्हाला कूलर पाह्यजे होता का?"

"न्हाई. शप्पथ सांगतो."

"मग कशाला पाठवला?"

मी खरं तेच सांगितलं. "तुम्हाला हसू येतं का ते बघायचं होतं."

मला वाटलं, फोन कट झाला.

"आलं," ती म्हणाली. "लई आलं. त्या दिवशी दारामागं मी आईच्या पाठीत तोंड लपवून हसले. मग ती कूलरमदी पाणी वतती ना, तिथं थांबलं."

"का?"

"समद्यांनी कूलरला इचारलं, पसंत हाय का म्हणून. तिला कुणी इचारलं न्हाई."

मी तो प्रसंग कितीतरी वेळा बघितला होता. टेबलफॅनला हसलो होतो, भटजीला हसलो होतो. हे मला एकदाही दिसलं नव्हतं. पाहणीला आम्ही तिची उंची विचारली, रक्तगट विचारला, शिक्षण विचारलं. मी खुर्चीत मोबाइल घट्ट धरून बसलो आणि विचारलं, "तुम्हाला मी पसंत आहे का? हे लग्न करायचं आहे का तुम्हाला?"

"आता इचारायलाव?"

"हाव. आताच विचारतोय."

"मग थांबा. आतापर्यंत कुणी इचारलंच न्हाई, उत्तर कुठून आणू. मला टाइम लागंल." आणि तिनं फोन ठेवला.

मी थांबलो. बाकी कुणी थांबलं नाही. मंगल कार्यालय ठरलं, बँडवाला ठरला, पत्रिकेत कुणाकुणाची नावं घालायची ह्यावर आमच्या भावकीत दोन वेळा अबोला झाला. मी आप्पांना म्हटलं, ती हो म्हणेपर्यंत पत्रिका छापू नका.

"कोण ती?"

"मुलगी."

"तिच्या बापानं सुपारी फोडली की."

"तिनं न्हाई फोडली."

आप्पांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. "पोरीच्या हातात सुपारी देतेत का कुठं?" त्यांना खरोखर काळजी वाटली होती. पत्रिका छापून आल्या. माझ्या नावाशेजारी तिचं नाव सोनेरी अक्षरात, आणि तिचं उत्तर अजून आलेलं नाही, हे जगात फक्त आम्हा दोघांना माहीत. तिचे फोन यायचे, पण शेजारी माणूस बसलेला असायचा, आणि आम्ही पुन्हा वरणावर आलो होतो. ती नाही म्हणाली तर मी काय करायचं, हे मी रोज ठरवायचो आणि रोज ते मोडायचं.

खाणावळवाल्यानं एव्हाना नवीन रिमोट आणला होता. आता जेवताना बातम्या लागायच्या. मी एकदा चॅनल बदलायला सांगितलं, तर सगळ्यांनी मला गप्प केलं. पुढे तो कार्यक्रमच बंद झाला असं कळलं. मी ताटात बघून जेवायला लागलो.

मग बस्त्याचा दिवस आला. लग्नाचे कपडे एका दिवशी, दोन्ही घरच्या माणसांनी मिळून काढायचे, तो बस्ता. नांदेडच्या कापडबाजारातलं मोठं दुकान, वरचा मजला, पांढऱ्या गाद्या. आमच्याकडून एक जीप, त्यांच्याकडून एक जीप. पोरं लोडांवर लोळत होती, म्हातारी माणसं भिंतीला टेकून थंड पीत होती, आणि दुकानातला माणूस एकामागून एक साडी उलगडून समोर फेकत होता. उठून बाहेर जायचं तर साड्यांवर पाय पडेल. मला एका कोपऱ्यात बसवलं होतं आणि तिला दुसऱ्या. शालू तिच्या काकू निवडत होत्या. आमच्याकडच्या बायका 'आमच्यात असा रंग चालत न्हाई' म्हणत होत्या. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

शेवटी दोन शालू उरले. मग बायकांनी आम्हाला दोघांना आरशासमोर उभं केलं, माझ्या कोटाच्या कापडाला रंग जुळतो का ते बघायला. दुकानातल्या माणसानं एक शालू तिच्या खांद्यावर टाकला आणि पदर सरळ करून मागे सरकला. आम्ही दोघं आरशात बघत होतो. ती ओठ फारसे न हलवता बोलली.

"तुम्ही इचारलं होतं ना?"

"हाव."

"मला करायचंय." मी तिच्याकडे वळणार होतो. पण ती थांबली नव्हती. "फक्त कूलर येऊ देऊ नका. आमची ताई फ्रिज घेऊन गेली. अजून तिच्या सासरी म्हणतेत, ती फ्रिजवाली कुठं गेली. कूलर आला तर मी कूलरसंगं आले असं होईल. कूलर येणार आसंल तर मग माझं न्हाई समजा."

"हा रंग चांगला दिसायलाय," मागून कुणीतरी म्हणालं.

ओसरीतल्या बैठकीत मी नको म्हटलं होतं तेव्हा काय झालं, ते मला आठवत होतं. पण तेव्हा फक्त माझी अब्रू जात होती. आता आरशातली ही मुलगीच जाणार होती. मी मागे वळलो आणि गादीवर बसलेल्या तिच्या वडिलांना म्हणालो, "मामा, कूलर नको. तुम्ही पाठवला तर मी तो घरात घेणार नाही."

होणाऱ्या सासऱ्याला आमच्यात मामाच म्हणतात. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. "बुक केलाय की, बापू. लोखंडी हाय, मोठा. तुम्ही दाखवला तसाच."

"बुक केलेला मोडा. मला काहीच नको. एसी नको, पंखा नको, काही नको."

खरा मामा पुढे झाला. "बस्ता चालू असताना असलं बोलू न्हाई."

आप्पा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मी कधी एवढा चढलेला ऐकला नव्हता. "काय बोलायलास? चार माणसांत अब्रू काढायलास का? किती वर्षं दारं झिजवलीत मी तुझ्यासाठी?" ते खरं होतं, आणि ते मला लागलं. पण मी बसलो नाही.

तिच्या वडिलांचे डोळे भरून आले. ते आप्पांना म्हणाले, "पाव्हणे, आमचं काय चुकलं? पोरीला मोकळ्या हातानं कशी पाठवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. ह्यांना आमच्या घरचं काहीच नको म्हणजे पोरगी तरी पाह्यजे का न्हाई?" दुकानातल्या माणसानं हातातली साडी अर्धवट उलगडलेली तशीच धरली. मी काहीही बोललो तरी ते त्यांना अजून टोचणार होतं, आणि गप्प बसलो तर कूलर येणार होता.

"अण्णा," ती वडिलांना म्हणाली.

ती अजून आरशासमोरच होती, खांद्यावर तो शालू तसाच. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. सकाळपासून त्या दुकानात तिचा आवाज पहिल्यांदा निघत होता.

"अण्णा, ते न्हाई म्हणले कारण मी म्हणलं त्यांना. कूलर मला नको. मी कूलर घेऊन जाणार न्हाई."

तिचे वडील तिच्याकडे बघत राहिले. रागानं नाही, अगदी नवल वाटल्यासारखे.

"तुला कुणी इचारलं?" ते म्हणाले.

"मी विचारलं," मी म्हणालो.